शेजाऱ्याचे फाटक आणि आपली गाडी

शास्त्रपाठ : उत्पत्ती २६:१२-३३, निर्गम २३:४-५, नीतिसूत्रे २५:८-१०, रोमकरांस पत्र १२:१७-२१

पाठाचा हेतू : जागेवरून वैर धरणाऱ्या शेजाऱ्याशी ख्रिस्ती मनुष्याने कसे वागावे, कोठे माघार घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हे समजून घेणे.



शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा आपण शब्बाथ शाळेच्या अगदी लहान वर्गात पाठ करतो. पुढे मोठेपणी तिच्यावर उपदेश ऐकतो, आणि आमच्यासारखे काही जण उपदेश करतातही. परंतु शेजारी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तो यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेला मनुष्य. तो बिचारा आपल्याशी भांडत नाही. आपल्या भिंतीला भिंत लावून राहणारा, आपल्या गाडीच्या चाकातील हवा सोडणारा, आपल्याला पाहताच तोंड फिरवणारा शेजारी त्या आज्ञेत बसतो काय? ह्या पाठात आपण ह्याच प्रश्नाचा विचार करू, आणि तोही एका रोजच्या वादाच्या आधारे : रस्त्यावर गाडी लावण्याचा वाद.

इतका क्षुल्लक विषय पाठासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना एकदा विचारून पाहावे. शेजाऱ्याशी शेवटचा आवाज चढला तो कशावरून? पूर्वी तो नळाच्या पाण्यावरून चढत असे, आता गाडीवरून चढतो. ज्या गोष्टीवरून आपण खरोखर भांडतो तिला क्षुल्लक म्हणून सोडून दिले, तर मोठ्या गोष्टींवरच्या आपल्या उपदेशाला काय अर्थ उरला?

१. आमच्या गल्लीतील गोष्ट

बेळगावच्या जुन्या भागातील गल्ल्या बैलगाडी आणि सायकलीच्या दिवसांतल्या. आमची गल्ली पंधरा-सोळा फुटांची, दोन्ही कडांना गटार, त्यावर कोठे फरशी आहे, कोठे नाही. सायकल होती तोवर ती आम्ही घरात घेत असू. स्कूटर आली तीही कशीबशी ओसरीवर चढत असे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटार घेतली. आजूबाजूच्या मंडळ्यांत उपासना चालवायला जावे लागते, पावसाळ्यात मुलांना घेऊन स्कूटरवर निघणे कठीण होते. तेव्हा ही देवाची देणगी असे मानून आम्ही प्रार्थना करून ती घरी आणली. पण ती रात्री कोठे उभी राहील ह्याचा विचार मात्र आम्ही प्रार्थनेच्या आधी केला नाही आणि नंतरही केला नाही.

गाडी आमच्या घरासमोर उभी राहू लागली. आमच्या घराची रुंदी कमी, त्यामुळे गाडीचा मागचा भाग हातभर शेजारच्या घरापुढे जात असे. तेथे एक निवृत्त गृहस्थ आपल्या पत्नीसह राहतात. आमची मुले त्यांना आजोबा म्हणतात, आम्ही काका म्हणतो. पहिल्याच आठवड्यात काका बाहेर येऊन म्हणाले, "काय ओ, दिसत नाही काय? रस्ता काय विकत घेतलाय?" आम्हीही म्हणालो, "तुम्ही तरी कुठं विकत घेतलाय, काका?" आमचे उत्तर खरे होते. परंतु खरे उत्तर आणि योग्य उत्तर ह्यांत अंतर असते, हे तेव्हा सुचले नाही.

त्यानंतर काकांनी आपल्या घरापुढे दोन मोठे दगड आणून ठेवले आणि त्यांवर तुळशीच्या दोन रिकाम्या कुंड्या मांडल्या. आम्ही रात्री एक दगड थोडा सरकवला. सकाळी तो पुन्हा होता तेथे होता. एका रविवारी आम्हाला खानापूरच्या बाजूला उपासनेला जायचे होते. पत्नी आणि मुले तयार होऊन बाहेर आली, आणि पाहतो तो मागच्या दोन्ही चाकांत हवा नाही. कोणी केले हे आम्ही पाहिले नव्हते. पण काका खिडकीत उभे होते. आम्ही रिक्षा आणि बस करून पाऊण तास उशिरा पोहोचलो. त्या दिवशी उपदेश कशावर केला ते आज आठवत नाही. मनात दिवसभर काय घोळत होते ते मात्र नीट आठवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप आणून मोजमाप केले. काकांचे फाटक कोठे सुरू होते, तेथपर्यंत गाडी नेली, आणि बोटभर जागा सोडून लावली. नियमाप्रमाणे आमची चूक नव्हती. पण ज्या हाताने पवित्र शास्त्र उघडतो त्याच हाताने टेप धरून शेजाऱ्याला जास्तीत जास्त कसे खुपेल ह्याचे माप घेत होतो, हे आम्ही वाचकांपुढे कबूल करतो.

२. रस्ता कोणाचा?

पुढे जाण्यापूर्वी कायद्याचे थोडे पाहू. कारण अशा भांडणांत दोन्ही बाजूंना आपलाच हक्क आहे असे वाटत असते, आणि बहुधा दोघेही अर्धवट चुकत असतात.

घरापुढचा सार्वजनिक रस्ता घरमालकाचा नसतो. त्यावर दगड, कुंड्या, साखळी किंवा पाटी ठेवून जागा राखण्याचा अधिकार कोणाला नाही. हे काकांना लागू होते, तसे आम्हालाही. आमच्या भिंतीसमोरची जागा 'आमची' असे आम्ही मनात धरले होते, तेही खरे नव्हते.

दुसरी गोष्ट, रस्ता सर्वांचा आहे म्हणून गाडी कोठेही लावता येते असेही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याखालील १९८९ च्या वाहतूक नियमांत गाडी कोठे लावू नये ह्याची यादी होती. पदपथावर, वळणावर, बसथांब्याजवळ, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दारात, आणि कोणाच्याही आवारात जाण्याचा मार्ग अडेल अशा ठिकाणी गाडी लावू नये, असे त्यांत सांगितले होते. त्या नियमांच्या जागी २०१७ साली नवे नियम आले. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करू नये, हे मूळ तत्त्व कायम आहे.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याची गाडी चुकीच्या ठिकाणी असली तरी तिची हवा सोडणे, काच फोडणे, रंगावर ओरखडा काढणे ह्याचा हक्क कोणाला मिळत नाही. गाडी हलवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, शेजाऱ्याला नाही.

इतके समजले म्हणजे वाद मिटला पाहिजे. पण मिटत नाही. कारण भांडण हातभर जागेचे राहिलेले नसते, ते मानाचे झालेले असते. 'मी का मागे घ्यावी?' हा प्रश्न कोणत्याही टेपने मोजता येत नाही.

३. इसहाकाच्या विहिरी

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात असाच एक जागेचा वाद आहे. इसहाक गरार प्रांतात राहत होता. देवाच्या आशीर्वादाने त्याची भरभराट झाली, आणि पलिष्ट्यांना त्याचा हेवा वाटू लागला. अब्राहामाच्या वेळी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या. पाणी त्यांनाही हवे होते, तरी विहिरी बुजवल्या! वैर असेच असते. मला मिळाले नाही तरी चालेल, पण तुला मिळू नये.

राजा अबीमलेखाने इसहाकाला निघून जाण्यास सांगितले. तो गरारच्या खोऱ्यात गेला. तेथे त्याच्या चाकरांना वाहत्या पाण्याची विहीर लागली, तोच गरारचे गुराखी पाण्यावर हक्क सांगत आले. त्याने त्या विहिरीचे नाव कलह ह्या अर्थाचे ठेवले आणि दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले. तिला त्याने वैर ह्या अर्थाचे नाव दिले आणि आणखी पुढे जाऊन तिसरी खणली. तिच्यासाठी कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे मोकळी जागा.

ह्यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, इसहाक दुबळा नव्हता. त्याचे सामर्थ्य वाढले म्हणूनच त्याला जायला सांगितले होते. ज्याला भांडता येते त्याने माघार घेणे ह्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. दुसरी, विहीर खणणे म्हणजे कष्ट आणि खर्च; दोनदा खणून दोनदा सोडणे हे फुकटात झाले नाही. शांतीची किंमत बहुधा ज्याला शांती हवी असते त्यालाच द्यावी लागते. तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. इसहाकाने झाले ते लपवले नाही. भांडणाला त्याने भांडणच म्हटले. पुढे तोच अबीमलेख बैर-शेबा येथे भेटायला आला, तेव्हा तुम्ही माझा द्वेष करून मला घालवून दिले, मग आता का आलात, असे त्याने स्पष्ट विचारले. आणि विचारल्यानंतर त्यांना जेवू घातले. आपण बहुतेक वेळा ह्याच्या उलट करतो. तोंडावर गोड बोलतो आणि जेवायला मात्र बोलवत नाही.

४. शत्रूचे गाढव

आता निर्गमच्या २३ व्या अध्यायातील दोन वचने पाहा. शत्रूचा बैल किंवा गाढव भटकलेले दिसले तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवावे; आणि आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला टाकून न जाता मदत करून उठवावे, असे तेथे सांगितले आहे. अनुवाद २२ मध्ये हाच नियम भावाच्या जनावराविषयी दिला आहे. भावाच्या गाढवासाठी जे करायचे तेच शत्रूच्या गाढवासाठी, असे नियमशास्त्र सांगते.

त्या काळी गाढव हे घरचे वाहन होते. म्हणून आम्ही म्हणतो की, शेजाऱ्याच्या गाडीविषयीचा नियम पवित्र शास्त्रात आहे, आणि तो मोशेच्या वेळचा आहे! ह्या नियमात शत्रूविषयी मनात गोड भावना आणा असे म्हटलेले नाही. भावना आपोआप येत नाहीत. त्याच्या गाढवाला हात द्या, इतकेच म्हटले आहे. ते आज, ह्या क्षणी, राग असतानाही करता येते.

आमच्या गोष्टीकडे परत येऊ. काकांचा मुलगा हुबळीला नोकरीला आहे. तो शनिवारी रात्री मोटारीने येतो. काकांचे दगड मुख्यतः त्याच्या गाडीसाठी जागा राखायला होते. एका शनिवारी रात्री अकराच्या सुमारास आम्ही खिडकी लावायला गेलो, तेव्हा त्या मोटारीचे पुढचे दिवे चालूच राहिलेले दिसले. सकाळपर्यंत बॅटरी उतरणार हे उघड होते. आम्हाला बरे वाटले. होय, बरे वाटले. त्या रविवारच्या दोन रिकाम्या चाकांची फेड परस्पर होत होती, आणि आम्हाला बोटही लावावे लागत नव्हते.

आम्ही अंथरुणावर पडलो, पण झोप येईना. शेवटी निर्गमची ही दोन वचने आठवली आणि उठून काकांचे दार वाजवले. काकांनी दार उघडले ते कपाळाला आठ्या घालूनच. आम्ही म्हणालो, "काका, गाडीचे दिवे राहिलेत." त्यांनी मुलाला हाक मारली, दिवे बंद झाले, दार लागले. आभाराचा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला असे वाचकांनी समजू नये. दगड तेथेच होते. मात्र आमच्या मनातील एक दगड हलला होता. पौल रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात सर्वांबरोबर शांतीने राहण्यास सांगताना दोन मर्यादा घालतो : शक्य असेल तर, आणि आपल्याकडून होईल तितके. शेजाऱ्याचा वाटा देव आपल्याकडे मागत नाही. आपला वाटा मागतो.

५. बोलावे कसे?

काही दिवसांनी आमची धाकटी मुलगी म्हणाली, "पप्पा, आजोबा आपल्या गाडीमुळे गटारीवरून चालतात." आम्ही पाहिले. काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि ते वॉकर घेऊन चालत. रिक्षा त्यांच्या पायरीशी येऊ शकत नसे, कारण मध्ये आमच्या गाडीचा मागचा भाग. मग ते वॉकरचा एक पाय रस्त्यावर आणि एक गटाराच्या फरशीवर टेकत रिक्षापर्यंत जात. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. रस्ता विकत घेतलाय काय, एवढेच ते म्हणत आले होते. आणि आम्हीही त्यांना, तुमची नेमकी अडचण काय, असे एकदाही विचारले नव्हते. आमचा टेप फाटकापर्यंतच पोहोचला होता.

त्या संध्याकाळी आम्ही एकटेच त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "काका, आमचं चुकलं. रिक्षा दारापर्यंत यायला किती जागा लागते ते तुम्ही सांगा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काठीने रस्त्यावर एक जागा दाखवली. आम्ही तेथे खडूने रेघ ओढली. आता रोज त्या रेघेच्या अलीकडे गाडी राहते. शनिवार-रविवारी आम्ही ती गल्लीबाहेर, पाच मिनिटांच्या अंतरावर, भाड्याच्या जागेत ठेवतो. दगड गेले, एक कुंडी अजून आहे. काका अजूनही फारसे बोलत नाहीत.

ह्या अनुभवातून आणि नीतिसूत्रे २५:८-१० ह्या भागातून पुढील गोष्टी सांगाव्याशा वाटतात :

(अ) घाईने तक्रारीला धावू नये. रागाच्या भरात, रस्त्यावर, चार लोकांपुढे बोलू नये. दुसऱ्या दिवशी, एकट्याने, पायी जावे. मोबाइलवर चित्रण करीत जाऊ नये.

(आ) आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याची अडचण विचारावी. म्हातारे माणूस, आजारपण, लहान मूल, गॅसची गाडी, पाण्याचा टँकर, काहीतरी कारण बहुधा असते.

(इ) बोलणे जागेचे आणि वेळेचे असावे, स्वभावाचे नसावे. 'तुम्ही नेहमीच असे' हे वाक्य वाद वाढवते. 'सकाळी आठ ते नऊ आम्ही गाडी काढून ठेवू' हे वाक्य वाद मिटवते.

(ई) शेजाऱ्याशी असलेला वाद शेजाऱ्याशीच बोलावा, त्याचे गुपित दुसऱ्यापुढे उघड करू नये, असे नीतिसूत्रे सांगते. आज ह्याचा अर्थ असा की, गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर शेजाऱ्याच्या गाडीचे छायाचित्र टाकू नये.

(उ) वादाला भाषेचा, जातीचा किंवा धर्माचा रंग लागू देऊ नये. आपल्या सीमाभागात हे फार लवकर होते. गाडीचा वाद गाडीपुरताच ठेवावा, आणि आपल्या बाजूने बोलायला येणाऱ्यालाही तसे सांगावे.

(ऊ) दोघांत जमत नसेल तर दोघांनाही मान्य असा एखादा वडीलधारा गृहस्थ मध्ये घ्यावा. मत्तय १८ मधील क्रम मंडळीतील बांधवांविषयी आहे. तरी आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, ही रीत सर्वत्र उपयोगी पडते. २०२३ साली संसदेने मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्यातही वस्तीतील शांतता बिघडवणाऱ्या तंट्यांसाठी दोन्ही पक्षांच्या संमतीने सामुदायिक मध्यस्थीची तरतूद केलेली आहे.

६. माघार कोठे घेऊ नये

सोसणे आणि अन्यायाला मोकळे रान देणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत. शेजारी मारण्याची धमकी देत असेल, घरातील स्त्रियांना किंवा मुलांना त्रास देत असेल, पुन्हा पुन्हा गाडीचे नुकसान करीत असेल, किंवा आजाऱ्याला घेऊन जाणारी गाडी अडवत असेल, तर पोलिसांना कळवणे हे पाप नाही. तातडीच्या वेळी ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा. तक्रार लेखी, तारखेसह आणि खरी असावी. दोनाचे चार करून लिहू नये.

प्रेषितांच्या कृत्यांत (१६:३५-३९) फिलिप्पै येथील अधिकाऱ्यांनी पौल व सीला ह्यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडू पाहिले. तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत असे सांगून पौलाने अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावले. त्याने सूड मागितला नाही, कायद्याचा मान राखून घेतला. ज्या रात्री तुरुंगाची दारे उघडली त्या रात्री तो पळाला नाही, आणि सकाळी हक्क सोडलाही नाही. दोन्ही प्रसंगी त्याने दुसऱ्याचे हित पाहिले. तक्रार करण्यापूर्वी आपणही स्वतःला विचारावे : हे मी कोणाच्या संरक्षणासाठी करतो, की कोणाला धडा शिकवण्यासाठी?

७. मंडळीचा शेजारी

शेवटी एक कडू गोष्ट. आपण घरी ज्या शेजाऱ्याची तक्रार करतो, तसा शेजारी रविवारी आपण स्वतः होतो. उपासनेच्या वेळी मंदिराबाहेरच्या रस्त्यावर पाहा. समोरच्या दुकानाच्या शटरपुढे आपल्या स्कूटर, बाजूच्या घराच्या फाटकात आपल्या मोटारी. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि लग्नाच्या दिवशी तर विचारू नये. त्या घरातील मनुष्य बाहेर येऊन हॉर्न वाजवतो, आणि आत आपण प्रीतीवर गीत गात असतो. आपला उपदेश त्याच्या कानावर पडत नाही, आपली गाडी मात्र त्याला दिसते. आपल्याविषयी त्याला जे ठाऊक आहे ते तिच्यावरूनच.

ह्यावर उपाय कठीण नाही. तरुण संघातील दोघांनी दर रविवारी पाळीने बाहेर उभे राहावे. अडणाऱ्या गाडीचा नंबर उपासनेत वाचून दाखवण्यास पाळकांनी संकोच करू नये. धडधाकट लोकांनी गाडी लांब लावून चालत यावे आणि जवळची जागा वृद्धांसाठी सोडावी. मोठ्या सणाच्या आधी पंचांपैकी कोणीतरी शेजारच्या घरी जाऊन, त्या दिवशी गर्दी होईल, तुम्हाला बाहेर पडायचे असेल ती वेळ सांगा, असे विचारून यावे. नाताळचा फराळ नेला तर उत्तमच. पण आधी फाटक मोकळे करावे आणि मग करंज्या न्याव्यात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्गात फळ्यावर एक गल्ली, दोन घरे आणि एक गाडी काढावी. गाडी कोठे ठेवली तर आजोबांना चालता येईल, हे मुलांनाच दाखवायला सांगावे. मोठ्या वर्गात पुढील प्रश्न चर्चेला घ्यावेत :

१. इसहाकाने दोन विहिरी सोडल्या. आपण सोडू शकू अशी एक गोष्ट कोणती?
२. निर्गम २३ मधील गाढवाच्या जागी आज आपल्या गल्लीत काय असेल?
३. माघार घेणे आणि अन्याय चालू देणे ह्यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
४. आपल्या मंदिराच्या शेजारी कोण राहते? त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात कोणालाच देता आले नाही, तर त्या रविवारचा गृहपाठ तोच असावा.